खोक्यातले आरमार

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आपल्याच घरात आपल्याला ठाऊक नसलेल्या किती वस्तू मुक्काम ठोकून बसलेल्या असतात ते कळते. यंदा आमच्या सांगलीच्या घराचा माळा उपसला तेव्हा पितळेचा एक गळका बंब, जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे आणि एक लांबट पुठ्ठ्याचे खोके खाली आले. २०१९ च्या महापुरात कृष्णामाई आमच्या खालच्या मजल्यात शिरली होती. कपाटातली पुस्तके त्या वेळी लगद्यासारखी झाली. माळ्यावरचे हे खोके मात्र कोरडे राहिले. आणि त्याच्या झाकणावर काय, तर खवळलेल्या समुद्रात नाळ खुपसून पुढे घुसणारी एक करड्या रंगाची युद्धनौका! पुराच्या पाण्यात सगळे बुडावे आणि घरातले एकुलते एक जहाज तेवढे पाण्याला न शिवता राहावे, याचे मला हसू आले आणि मी तिथेच, धुळीत, फतकल मारून ते खोके उघडले.

प्लॅस्टिकचे सुटे भाग डिंकाने जोडून इतिहासातली जहाजे उभी करायची, हा खेळ आमच्या पिढीतल्या काही भाग्यवान मुलांना लाभला. या खेळाविषयी मला आज चार शब्द टीकेचे लिहायचे आहेत. कादंबरीवर, नाटकावर, फार तर चित्रपटावर टीका लिहावी. मुलांच्या खेळण्यावर कसली टीका, असे कोणी म्हणेल. पण असे पाहा : या खोक्याला कर्ता आहे, मुद्रक आहे, आवृत्त्या आहेत, मुखपृष्ठ आहे आणि वाचकही आहे. शिवाय ते इतिहासाविषयी काही सांगू पाहते. जी वस्तू दहा वर्षांच्या मुलाच्या मनात इतिहासाचे पहिले चित्र ठसवते, तिच्याकडे टीकाकाराने पाठ फिरवून कसे चालेल?

प्रथम या प्रकाराची कुळकथा. लंडनमध्ये १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या उद्योजकाने एअरफिक्स नावाची कंपनी काढली. आरंभी ती हवा भरायची रबरी खेळणी करी, पुढे कंगवे करू लागली. १९५२ साली तिने फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे सुटे भाग एका साध्या पिशवीत घालून, वर कागदी पट्टी लावून, वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला ठेवले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, अमेरिकेत रेव्हेल कंपनीने ‘मिसूरी’ ही युद्धनौका काढली. १९४५ च्या सप्टेंबरात जपानने जिच्या डेकवर शरणागतीच्या कागदावर सही केली तीच ही मिसूरी. मूळ जहाज २७० मीटरांचे; खोक्यातले अर्ध्या मीटरचे. प्रमाण होते एकास पाचशे पस्तीस. असला तिरपागडा आकडा कोणत्या शास्त्रातून आला म्हणाल, तर त्याचे शास्त्र एवढेच, की जहाज खोक्यात मावले पाहिजे! त्या काळात जहाजाच्या मापाने खोके करण्यापेक्षा खोक्याच्या मापाने जहाज करणे सोयीचे असे. इतिहासालाही पुष्कळदा असेच क्रमिक पुस्तकाच्या पानांच्या मापाने बसवलेले असते, तेव्हा याबद्दल त्या कंपन्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही.

या वस्तूची घडण समजून घ्यायला आम्हां सांगलीकरांना फार लांब जावे लागत नाही. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडाचा रस साच्यात ओतला जात आहे. वाळूचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडावा लागतो. प्लॅस्टिकचा साचा पोलादाचा असतो. पॉलिस्टायरीन तापवून पातळ करतात, मोठ्या दाबाने त्या साच्यात घुसवतात, ते क्षणात थिजते, आणि एका चौकटीला लटकलेले नांगर, तोफा, होड्या आणि शिड्या असे सगळे आंब्याच्या घोसासारखे बाहेर पडते. साचा मोडत नाही म्हणून एकाच साच्यातून वर्षानुवर्षे माल निघतो. परंतु पोलाद झाले तरी झिजतेच. कडा बोथट होतात, फटींतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. जुन्या खिळ्यांवर छापलेली पोथी जशी कुठे पुसट, कुठे बरबटलेली दिसते, तशी या जहाजांची उतरती आवृत्ती दिसते. तो पापुद्रा पात्याने खरवडून काढणे हे या खेळातले पहिले काम. म्हणजे या ग्रंथाच्या वाचकाला वाचनापूर्वी मुद्रितशोधन करावे लागते!

आता मुखपृष्ठ. या खोक्यांची झाकणे हा स्वतंत्र कलाप्रकार आहे आणि त्याची थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. रॉय क्रॉस या इंग्रज चित्रकाराने १९६४ पासून सुमारे दहा वर्षे एअरफिक्ससाठी जी चित्रे काढली, ती पाहिलेला मुलगा म्हातारा झाला तरी विसरत नाही. पाण्याचा रंग हिरवा की निळा असा संभ्रम पडावा असा समुद्र, नाळेवर फुटलेला फेस, तोफेच्या तोंडची ज्वाला. परंतु झाकण उचलले की आत काय? थंड, करडे, मुके तुकडे. ना समुद्र, ना धूर, ना माणूस. झाकणाने वीररस कबूल करावा आणि आत व्याकरणाचे पुस्तक निघावे, असा हा विश्वासघात. पण त्यानेच मुलाला कामाला लावले. झाकणावरचे आणि आतले यांमधले अंतर मुलाने स्वतःच्या हातांनी भरून काढायचे असते. चांगल्या मुखपृष्ठाचे आणखी काय काम असते?

तिसरी गोष्ट भाषेची. जुन्या खोक्यांतल्या सूचनापत्रकात प्रत्येक भागाचे नाव लिहून, तो कुठे कसा चिकटवायचा ते वाक्यांत सांगितलेले असे. पुढे हे खेळणे देशोदेशी जाऊ लागले, वाक्ये गेली आणि नुसत्या आकृत्या व बाण उरले. मला ती वाक्यांची पत्रके आवडत. फोरकॅसल, बल्कहेड, कॅप्स्टन हे शब्द मी त्यांतून शिकलो, अर्थ कळण्याआधी चव कळावी तसे शिकलो. मात्र एक गोष्ट आज खटकते. जहाजाच्या पुढच्या टोकाला आपल्या कोकणात नाळ म्हणतात, शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात त्याला परबाण म्हणतात, हे मला चाळिशीनंतर समजले. आम्ही देशावरची माणसे. आमच्याकडे नांगर म्हटला की तो जमिनीत घालायचा. किर्लोस्करवाडीची कीर्तीसुद्धा लोखंडी नांगरानेच पसरली. तोच शब्द समुद्रात टाकायच्या वस्तूलाही आहे, हे ठाऊक असून त्याचा अर्थ कधी मनात भिजला नव्हता. दोन शिलिंगांच्या परक्या पत्रकाने मला समुद्र दिला हे खरे. पण तो परक्या नावांनी दिला.

हे सगळे मला ज्या घटनेमुळे प्रथम सुचू लागले, ती आता सांगतो. माझे आजोळ साताऱ्याचे. सांगली जिल्ह्याला १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ असेच म्हणत. त्यामुळे सांगलीहून साताऱ्याला जाणे म्हणजे आमच्या लेखी घरातल्या घरात माजघरातून ओटीवर येणे होते. दर दिवाळीला आम्ही भावंडे तिथे जमत असू आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, आजोबांच्या परड्यात, मातीचा किल्ला करीत असू. माझे धाकटे मामा नौदलात होते. सातारा जिल्ह्यातल्या तरुणाने पलटणीत जावे ही तिकडची रीत. अपशिंग्यासारख्या गावाला तर तिच्यामुळेच ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव पडले. त्या रीतीला सोडून मामा पाण्यात गेले, याचे आजीला शेवटपर्यंत आश्चर्य वाटत राहिले. ते ‘दिल्ली’ नावाच्या युद्धनौकेवर होते. १९६९ च्या दिवाळीत रजेवर येताना त्यांनी मुंबईहून माझ्यासाठी हे खोके आणले. त्यात ‘एजॅक्स’ नावाची इंग्रज क्रूझर होती. प्रमाण एकास सहाशे, लांबी सव्वा वीत.

नरकचतुर्दशीचे अभ्यंग आटोपून जो बसलो तो पाडव्याच्या दुपारपर्यंत मी त्या जहाजाला चिकटून होतो. शब्दशः चिकटून, कारण तो डिंक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकड्यांचा एक करतो आणि बोटांनाही सोडत नाही. चार जोड-तोफांचे चार बुरूज मी बसवले. टरेट हा शब्द जिभेवर बसेना म्हणून मी त्यांना बुरूजच म्हणे. पाडव्याला संध्याकाळी मोठ्या ऐटीने ते जहाज मामांसमोर ठेवले.

मामांनी ते हातात घेऊन सगळीकडून पाहिले. म्हणाले, “झकास झालंय. पण ही आमची दिल्ली नव्हे बरं का.”

मला ठाऊक होते, एजॅक्स आणि मामांची दिल्ली ही एकाच वर्गाची, सख्ख्या बहिणी म्हणावीत अशी जहाजे होती. मी तसे म्हणालो.

“बहिणीच रे,” मामा म्हणाले, “पण आमचीला लढाईत लागलंय. तुझीला कुठं काय लागलंय?”

आणि खिशातून दाढीचे पाते काढून त्यांनी मागच्या बाजूचा, वरच्या डेकवरचा बुरूज कापून टाकला. मी मोठ्याने भोकाड पसरले. आजीने मामांना चार शब्द सुनावले. मामांनी मला जवळ बसवून घेतले आणि मग जी हकीकत सांगितली ती मी पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिली.

मामांच्या जहाजाचे मूळ नाव ‘अकिलीस’. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापुढे, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, एजॅक्स, अकिलीस आणि एक्सेटर या तीन क्रूझर्सनी ‘अॅडमिरल ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झुंज घेतली. चारच दिवसांनी ती जर्मन नौका तिच्याच कप्तानाने माँटेव्हिडिओपाशी बुडवली. अकिलीस त्या वेळी न्यूझीलंडच्या खलाशांच्या हाती होती. पुढे १९४३ च्या जानेवारीत ग्वाडालकनालपाशी जपानी बॉम्ब तिच्या मागच्या बाजूच्या एका टरेटवर पडला. दुरुस्तीच्या वेळी ते टरेट काढूनच टाकले आणि त्या जागी लहान विमानविरोधी तोफा बसवल्या. १९४८ मध्ये ही नौका हिंदुस्थानने विकत घेतली आणि तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. १९५० साली पंडित नेहरू तिच्यातूनच इंडोनेशियाला गेले होते. १९६१ च्या डिसेंबरात दीवच्या कारवाईत तिने तोफा डागल्या. आणि मौज अशी, की १९५६ साली जेव्हा त्या १९३९ च्या लढाईवर ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ हा चित्रपट निघाला, तेव्हा दिल्लीने स्वतःच्याच तरुणपणाची भूमिका केली. एजॅक्सचे काम ‘शेफील्ड’ या दुसऱ्या नौकेला करावे लागले, कारण एजॅक्स १९४९ मध्येच भंगारात गेली होती.

त्या संध्याकाळी मामांनी आणि मी टाचण्यांची टोके बसवून ती रिकामी जागा भरली. माझी एजॅक्स अशी दिल्ली झाली. आता सांगा, ते जहाज अधिक हुबेहूब कोणत्या क्षणी होते? चार बुरूज होते तेव्हा, की एक कापला तेव्हा? सूचनापत्रकाच्या दृष्टीने पाहिले तर मामांनी एक निर्दोष वस्तू बिघडवली. पण ज्या जहाजावर त्यांनी रात्रीचे पहारे दिले होते, त्या जहाजाच्या दृष्टीने तो छेद हीच त्या प्रतिकृतीतली पहिली खरी रेघ होती.

या खेळाविषयीची माझी सारी टीका या एका छेदात साठली आहे. कारखान्यातून आलेले खोके जहाजाला एका दिवसापाशी थांबवते. इंग्रजांची ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरली, तिची कितीदा तरी डागडुजी झाली. पण खोक्यातली व्हिक्टरी ही नेहमी १८०५ च्या ट्रफाल्गारचीच असते, नेल्सनला गोळी लागण्याच्या आदल्या क्षणाची. खरे जहाज मात्र माणसासारखे असते. त्याला मार बसतो, मालक बदलतात, नाव बदलते, एखादा अवयव जातो. जी प्रतिकृती हे काही सांगत नाही ती कितीही बारकाव्याची असली तरी लग्नातल्या फोटोसारखी असते. चेहरा ओळखू येतो, आयुष्य कळत नाही. म्हणून प्रतिकृती किती हुबेहूब आहे एवढीच कसोटी मला अपुरी वाटते. ती करणाऱ्याला ‘हे असेच होते का?’ असे विचारायला लावते की नाही, ही कसोटी मी लावतो. आणि या कसोटीवर, नवल वाटेल, पण ओबडधोबड जुनी किटेच जास्त गुण मिळवतात. त्यांचे भाग नीट बसत नसत. दोरखंड म्हणून आईच्या टोपलीतला दोरा ओढावा लागे, रंग घरचेच चालवावे लागत. प्रत्येक उणिवेपाशी मुलगा थांबे आणि विचार करी. आजची किटे पितळेच्या कोरीव जाळ्या, लेझरने कापलेले लाकडी डेक असा सरंजाम घेऊन येतात. त्यांचे कौशल्य थक्क करणारे आहे. पण त्यांत चूक करायला जागा नाही, आणि म्हणून दुरुस्तीलाही नाही.

इथे कोणी म्हणेल, की मग आपला मातीचा किल्ला काय वाईट? त्याला ना खोके, ना पत्रक. विटांचे तुकडे, पोत्याचा तरट, चिखलाचा लेप, वर हळीव पेरून उगवलेली हिरवळ, कुंभाराकडचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. मलाही तसेच वाटते, आणि त्याचे कारण शोधताना लक्षात येते ते असे, की किल्ला दरवर्षी मोडतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा करताना बुरूज कुठे घ्यायचा यावर भावंडांत पुन्हा भांडण होते, म्हणजेच त्या किल्ल्याचे दरवर्षी नवे वाचन होते. एकदा जोडलेले जहाज मात्र कपाटात जाऊन बसते. त्या वर्षी आम्ही दोन्हींचा मेळ घातला. परड्यातल्या किल्ल्याभोवती खंदक खणून, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून पाणी भरले आणि दिल्ली नांगरली. सतराव्या शतकातल्या जलदुर्गाच्या पहाऱ्याला विसाव्या शतकातली क्रूझर! कालविपर्यास होता खरा, पण त्यात एक प्रश्न दडलेला होता, आणि तो विचारला माझ्या धाकट्या बहिणीने : “महाराजांचं स्वतःचं जहाज कुठाय?”

त्या प्रश्नाला खोक्यात उत्तर नव्हते. या किटांची निवडच पाहा. हूड, बिस्मार्क, वॉरस्पाइट, मिसूरी, कॉन्स्टिट्यूशन. ज्यांनी साचे केले त्यांनी आपले विजय आणि आपले तोलामोलाचे शत्रू साच्यात ओतले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. आमची पिढी चादरीच्या सुरकुत्यांचा अटलांटिक करून दुसऱ्यांच्या लढाया लढली, आणि त्याची आम्हाला खंतही वाटली नाही, हे मात्र थोडे चुकले. साताऱ्याहून समुद्र दिसत नाही. पण कोकणच्या समुद्रावरची सत्ता साताऱ्याच्या गादीकडे पाहत होती. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहूमहाराजांच्या पक्षाकडे वळवले आणि त्यांची सरखेली साताऱ्याकडून कायम झाली. त्या सरखेलांच्या गुराबा आणि गलबते कशी होती, हे सांगणारे एकही खोके आम्हाला कोणी दिले नाही.

समजा, असे खोके करायचे ठरवले, तर? रॉबर्ट ऑर्म या कंपनी सरकारच्या इतिहासकाराने अठराव्या शतकात त्यांचे बारीक वर्णन करून ठेवले आहे. गुराब दोन किंवा क्वचित तीन डोलकाठ्यांची. दोन डोलकाठ्यांची असली तर फार तर दीडशे टनांची, आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद आणि टोकाकडे निमुळती. पुढे लांब चोच काढलेली. त्या चोचीच्या डेकला कठडे नसत, कारण समोरून लाट आली की ती वर चढून दोन्ही अंगांनी निथळून गेली पाहिजे. मागे आडव्या भिंतीत दोन मोठ्या तोफा, चोचीवरून थेट पुढे मारा करणाऱ्या. गलबत याच घाटाचे पण लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे, एका प्रचंड त्रिकोणी शिडाचे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला, की मोठी इंग्रजी जहाजे जागच्या जागी खिळत आणि ही गलबते गुराबांना ओढीत त्यांच्या मागल्या अंगाला नेत. एवढे वाचून डोळ्यांसमोर काही तरी उभे राहतेच. आपल्या आरमाराचे इतके नेटके सूचनापत्रक शत्रुपक्षाच्या लेखणीतून उतरावे, हा दैवाचा खेळ.

परंतु वर्णन म्हणजे आराखडा नव्हे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. तिचे आराखडे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज निकामी केले आणि आराखडे गेले. तीच ही कॉन्स्टिट्यूशन, जी रेव्हेलच्या खोक्यातून घरोघर पोचली! पण आराखडे बुडाले म्हणून काम अडले नाही. दुसरा संच आला. कागदाचा हा गुण. कोकणातले सुतार परंपरेने हाताच्या आणि नजरेच्या मापाने नाव बांधत आले. त्यांचे आराखडे त्यांच्या मनगटात होते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी अजून पाहता येते. तिच्यात बांधले गेलेले जहाज पाहता येत नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकून घेतलेल्या एका जहाजावर गोळा पडला आणि त्या आगीत सारे आरमार जळाले. आणि या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. हे वाक्य लिहिताना अजूनही हात थबकतो.

म्हणून गुराबेची प्रतिकृती हे निव्वळ जोडकाम होऊच शकत नाही. चोच किती लांब घ्यायची, तिसरी डोलकाठी द्यायची की नाही, वल्ह्यांची भोके कुठे पाडायची, हे प्रत्येक ठिकाणी पुरावे तोलून ठरवावे लागेल, आणि ठरवणाऱ्याला आपल्या निर्णयाचे कारण सांगावे लागेल. म्हणजे ती प्रतिकृती हेच टीकेचे काम होईल. उद्या कोणी मराठी कारखानदाराने असे खोके काढले, तर माझी एकच विनंती आहे : त्यात चोची दोन घाला, एक आखूड आणि एक लांब, आणि पत्रकात पुरावे देऊन शेवटी लिहा, की यांतली कोणती लावायची ते तुम्ही ठरवा. मुले भांडतील. भांडू द्या. किल्ल्याच्या बुरजावरून ती भांडतातच.

या खेळाच्या सध्याच्या एका रीतीबद्दल मात्र कडक बोलले पाहिजे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ही खोकी आता शौकिनांच्या बाजारात विकली जातात, आणि ज्या खोक्यातले भाग चौकटीपासून सुटलेले नाहीत त्याला अधिक किंमत येते. जोडलेले जहाज स्वस्त, न जोडलेले महाग! पाने न फाडलेले जुने पुस्तक जसे संग्राहकाला मौल्यवान आणि लेखकाला लाजिरवाणे, तसाच हा प्रकार. जपणूक हा सद्गुण आहे हे मी जाणतो, पण हे खोके कोणा मुलाच्या बोटांना चिकटण्यासाठी जन्माला आले होते. माझ्या जहाजाला बाजारात आज कवडी येणार नाही. त्याचा एक बुरूज कापलेला आहे आणि डिंकात माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे.

आणि तरीही प्लॅस्टिकच्या या तुकड्यांची मला कदर वाटते, ती ‘विक्रांत’मुळे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ साली एका मोटारसायकलीत वापरण्यात आला. आमच्या सांगलीच्या रस्त्यांवरूनही त्या गाड्या धावल्या. तेव्हा माझ्या मनात आले, की खरी विक्रांत आता कोणती? त्या गाडीच्या टाकीत धातू आहे, रूप नाही. टेबलावरच्या एकास सहाशेच्या प्रतिकृतीत रूप आहे, धातू नाही. शाळेतल्या पोराला विक्रांत कशी होती असे विचारले, तर तो टाकीकडे बोट दाखवणार नाही. दिल्लीचेही तेच झाले. १९७८ च्या जूनमध्ये ती निवृत्त झाली आणि मोडली गेली. तिचे एक टरेट तेवढे न्यूझीलंडला भेट म्हणून गेले, ते ऑकलंडच्या नौदल तळाशी ठेवले आहे. मामाही आता नाहीत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी विक्रांत नौदलात आली, त्याच दिवशी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या निशाणावर आला. ते दूरचित्रवाणीवर पाहताना मला त्यांची फार आठवण झाली. पलटण सोडून पाण्यात गेलेल्या त्या सातारकराला ते निशाण पाहायला मिळायला हवे होते.

माळ्यावरून काढलेले जहाज मी पुसून नातवाच्या हाती दिले. अंगणात त्याचा किल्ला चालू होता. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, इथलं तुटलंय. चिकटवू या?”

“तुटलेलं नाही रे,” मी म्हणालो, “ते कापलंय.”

“का?”

मी त्याला जवळ बसवून घेतले. हात चिखलाने भरलेले होते, पणत्या अजून लावायच्या होत्या, आतून फराळाला बोलावणे येत होते. पण त्याने ‘का’ विचारले होते, तेव्हा आधी त्याला अकिलीसची गोष्ट सांगणे भाग होते.